धरणीकंप जाहला : हिमालयाचे भूकंप आणि मोडीतले कागद

(दादर येथील एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाशय आणि मित्रहो,

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय 'हिमालयातील भूकंपांची लय' असा छापला आहे आणि त्या विषयाकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी मला एका रात्रीची हकिकत सांगायची आहे, कारण ती रात्र नीट समजून घेतल्याशिवाय लय, आवर्तन, कालांतर हे सगळे शब्द अधांतरी राहतात.

शके १७२५, भाद्रपद महिना. इंग्रजी तारीख १ सप्टेंबर १८०३. पंचांग उलटे मोजत गेले तर ही रात्र पौर्णिमेच्या तोंडावर, अनंत चतुर्दशीच्या आगेमागे येते. दिल्लीत बादशहा शाह आलम होता आणि त्याच्या नावाने चालणारा कारभार दौलतराव शिंद्यांचा होता. दौलतराव स्वतः फौजेसह दक्षिणेत होते. जनरल लेकची इंग्रज फौज अलीगढच्या किल्ल्यासमोर येऊन ठाकली होती. चार तारखेला अलीगढ पडले, अकरा तारखेला दिल्लीसमोर यमुनेकाठी पटपडगंजची लढाई झाली आणि तेवीसला असईची. हा क्रम या सभागृहातील पुष्कळांना शाळेपासून तोंडपाठ असेल. त्या क्रमाच्या अगदी आरंभी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, उत्तर हिंदुस्थानची जमीन हादरली, ही गोष्ट मात्र मी शाळेत वाचलेल्या एकाही पुस्तकात नव्हती.

त्या रात्री कुतुबमिनाराच्या माथ्यावरची घुमटी कोसळली. पुढे रॉबर्ट स्मिथ नावाच्या इंग्रज लष्करी अभियंत्याने मिनाराची डागडुजी केली आणि १८२८ मध्ये वर आपल्या कल्पनेप्रमाणे एक नवी छत्री चढवली. ती तिथे शोभेना, म्हणून १८४८ मध्ये लॉर्ड हार्डिंगच्या हुकुमाने खाली उतरवली. आज ती त्याच आवारात हिरवळीवर उभी आहे. आपण दिल्लीला गेलात तर मिनाराकडे पाहून झाल्यावर त्या छत्रीपाशी दोन मिनिटे जरूर थांबा, कारण हिमालयातल्या एका भूकंपामुळे दिल्लीत काय बदलले, याची ती डोळ्यांना दिसणारी खूण आहे. मथुरेच्या बाजूला शेतांत भेगा पडून त्यांतून पाणी जोराने उसळल्याची नोंद आहे. नदीकाठची पाण्याने भरलेली वाळू मोठ्या धक्क्यात पातळ होते आणि वाट मिळेल तिथून वर येते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. ज्याने ते त्या रात्री पाहिले, त्याला ते ठाऊक नव्हते, आणि तरीही त्याने जे पाहिले ते जसेच्या तसे लिहून ठेवले. त्या अनाम माणसाविषयी मला फार कृतज्ञता वाटते.

आता यातली खरी अडचण पाहा. भूकंपांच्या जुन्या याद्यांमध्ये या भूकंपाचे केंद्र मथुरेच्या आसपास दाखवले जाई. का? तर वर्णने मथुरेची आणि दिल्लीची होती म्हणून. लिहिणारे हात जिथे होते तिथून नोंदी आल्या, आणि जिथून नोंदी आल्या तिथेच भूकंप झाला असे पुढच्या पिढ्यांनी धरून चालले. प्रत्यक्षात धक्क्याचे मूळ गढवाल हिमालयात होते. गढवालच्या राजाची राजधानी श्रीनगर (काश्मिरातले नव्हे, अलकनंदेच्या काठचे) राजवाड्यासकट मोडकळीस आले. आज ज्याला उत्तरकाशी म्हणतात त्या बाडाहाटची दैना झाली. हे बाहेरच्या जगाला नीट कळले ते १८०८ मध्ये, जेव्हा गंगेचा उगम शोधायला निघालेले इंग्रज अधिकारी त्या वाटेने गेले आणि त्यांतील रेपर यांनी ती पडलेली घरे पाहून लिहून ठेवली. म्हणजे पाच वर्षांनी. मधल्या काळात गढवालचे राज्यच उरले नव्हते. भूकंपाने खिळखिळ्या झालेल्या त्या राज्यावर गोरखे चालून आले आणि १८०४ मध्ये डेहराडूनजवळ खुडबुड्याच्या लढाईत राजा प्रद्युम्न शाह मारला गेला. ज्या दरबाराने आपल्या हानीची मोजदाद करायची, तो दरबारच नाहीसा झाला होता.

या हकिकतीत आपण मराठी माणसे कुठे येतो? देवप्रयागला येतो.

अलकनंदा आणि भागीरथी जिथे मिळतात आणि जिथून पुढे नदीला गंगा म्हणतात, त्या संगमाच्या वर डोंगराच्या उतारावर रघुनाथाचे मंदिर आहे. चुना न घालता मोठमोठे दगड एकावर एक रचून ते बांधलेले आहे. १८०३ च्या भूकंपात या मंदिराची मोडतोड झाली आणि पुढे त्याची दुरुस्ती दौलतराव शिंद्यांच्या देणगीतून झाली, असे जुन्या गॅझेटिअरमध्ये नोंदवलेले आहे. ते वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. त्याच वर्षी डिसेंबरात सुर्जी अंजनगावच्या तहाने ज्या सरदाराच्या हातून दिल्ली, आग्रा आणि अंतर्वेदी, म्हणजे गंगा-यमुनांमधला दुआब, गेली, त्याच्या खजिन्यातून एका दूरच्या पहाडी देवळाचे दगड पुन्हा रचले गेले. भक्तीचा भाग मी बाजूला ठेवतो. त्यावर बोलण्याचा मला अधिकार नाही. मला दिसतो तो हिशेब. देणगी दिली म्हणजे कोणीतरी जाऊन पाहणी केली असणार, किती दगड पडले, कळस राहिला की गेला, कुठली भिंत कुठल्या दिशेला कलली, मजूर किती, महिने किती, हे कोणीतरी कारकुनाने बोरूने लिहिले असणार. दोनशे वर्षांपूर्वीच्या भूकंपाचा धक्का एखाद्या ठिकाणी किती तीव्र होता हे ठरवायला दुरुस्तीच्या खर्चाच्या तपशिलाइतके भरवशाचे साधन दुसरे नाही, कारण भयभीत माणूस वाढवून लिहितो, पण पैसे मोजणारा कारकून दगड मोजूनच लिहितो.

काही वर्षांपूर्वी मी देवप्रयागला गेलो होतो. बदरीनाथाच्या तीर्थपुरोहितांची ही जुनी वस्ती आहे. एका पुरोहितांच्या घरी मी बसलो असता त्यांनी गाव आणि कुळ विचारले, आत गेले आणि लाल कापडात बांधलेली एक लांबट वही घेऊन आले. कापडाची गाठ सोडायलाच त्यांना दोन मिनिटे लागली, इतकी ती घट्ट होती. पाने कडेने तपकिरी झालेली, मधे पाण्याचा एक जुना डाग, आणि तो डाग पुढच्या वीस-पंचवीस पानांतून त्याच आकारात लहान लहान होत गेलेला. आमच्या कोकणातल्या तालुक्याच्या पानावर त्यांचे बोट थांबले. वर देवनागरीत गावांची नावे आणि खाली यात्रेकरूंनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मोडी ओळी : कोण आले, कोणाचा मुलगा, कोणाच्या अस्थी आणल्या. ते पुरोहित म्हणाले, "हे अक्षर आमच्या घरात आता कोणाला लागत नाही, तुम्हीच वाचा." मी वाचून दाखवत होतो आणि ते मान डोलवत होते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ती वही आगीपाण्यातून सांभाळली, त्यांना त्यातला मजकूर आम्ही वाचून दाखवायचा, आणि आम्ही मात्र मोडी शिकणे सोडून दिलेले. आज या सभागृहात मोडी सहज वाचू शकणारे किती जण आहेत? कृपया हात वर करा. चार. नाही, मागे एक बाई आहेत, पाच. दीडशे माणसांत पाच हे इतर ठिकाणच्या मानाने चांगलेच आहे, आणि व्याख्यान संपल्यावर या पाचही जणांनी मला भेटल्याशिवाय जाऊ नये.

माझी एक जुनी तक्रार या संदर्भात सांगतो. मी विद्यार्थी असताना एका संस्थेत, जिचे नाव घेण्याची गरज नाही, जुन्या कागदांची वर्गवारी चालू होती आणि आम्ही मुले सुट्टीत मदतीला जात असू. कागद रुमालात बांधलेले असत. रुमाल सोडायचा, कागद झटकायचा, घडी उलगडायची, विषय ओळखायचा आणि यादीत एका शब्दात लिहायचा : स्वारी, तह, महसूल, वतन. एके दिवशी माझ्या हाती एक खाजगी पत्र आले. लग्नाची बोलणी, भाताचा भाव, आणि शेवटी दोन ओळी, की रात्री धरणीकंप झाला, देवघरातली भांडी वाजली आणि विहिरीचे पाणी सकाळी गढूळ होते. पत्राचा वरचा कोपरा वाळवीने खाल्ला होता आणि तिथीही त्याच कोपऱ्याबरोबर गेली होती. मी ते वडीलधाऱ्या अभ्यासकाला नेऊन दाखवले. त्यांनी एकदा पाहिले आणि यादीत शब्द लिहिला : 'किरकोळ'. पत्र किरकोळांच्या गठ्ठ्यात गेले. पुढे अनेक वर्षांनी, भूकंपाचा अभ्यास करू लागल्यावर, मी ते पुन्हा मागितले तेव्हा किरकोळांचे गठ्ठे जागा बदलताना कुठे गेले हे कोणालाच सांगता आले नाही. त्या गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांच्या पिढीला लढाया आणि तह यांचा इतिहास उभा करायचा होता आणि तो त्यांनी हाडाची काडे करून उभा केला. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धात निघाले, हे काम केवढे मोठे आहे! परंतु पुण्याच्या दप्तरात कागदांची संख्या कोट्यवधींची आहे, आणि निवडताना जो प्रश्न मनात असतो, त्याचेच उत्तर कागद देतो. ज्याने धरणीकंप शोधलाच नाही, त्याला तो सापडणार नाही. 'किरकोळ' हा शब्द मला त्या दिवसापासून सलतो आहे.

याच ठिकाणी एक सावधगिरीची सूचना देतो. मघाशी मी अनंत चतुर्दशीचा उल्लेख केला तेव्हा काही जणांनी एकमेकांकडे पाहिले, ते माझ्या लक्षात आले. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला, गणपतींचे विसर्जन करून माणसे झोपली होती, आणि ती रात्र आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की मन लगेच नियम करू पाहते. तसा नियम नाही. किल्लारी दख्खनच्या जुन्या, शांत मानलेल्या कातळावर आहे, गढवाल जगातील सर्वांत हलत्या डोंगररांगेत, आणि दोन तारखा जुळल्याने दोन कारणे जुळत नाहीत. नोंदी थोड्या असल्या की योगायोगही लयीसारखा भासतो; म्हणून तर मी नोंदी वाढवा असे म्हणतो आहे.

नोंद असणे पुरेसे नाही, ती वाचताही आली पाहिजे. जुन्या याद्यांमध्ये आपल्या मुंबईच्या नावावरही एक मोठा भूकंप आहे : २६ मे १६१८, दोन हजार माणसे आणि साठ गलबते गेल्याची नोंद. मे महिन्याचा शेवट, आणि बुडालेली गलबते. कोळीवाड्यातल्या कोणत्याही म्हाताऱ्याला हे वर्णन ऐकवा. तो लगेच सांगेल की हे तुफान आहे. कलकत्त्याचा १७३७ चा भूकंप तर तीन लाख बळींसह जगभरच्या पुस्तकांत वर्षानुवर्षे छापला जात होता आणि भूकंपशास्त्रज्ञ रॉजर बिल्हॅम यांनी मूळ कागद तपासले तेव्हा ते चक्रीवादळ असल्याचे १९९४ मध्ये दाखवून दिले. एकीकडे न झालेले भूकंप यादीत आहेत आणि दुसरीकडे झालेले भूकंप किरकोळांच्या गठ्ठ्यात आहेत, अशी आपल्या यादीची अवस्था आहे.

मुंबईचे नाव निघालेच आहे तर कुलाब्याच्या वेधशाळेविषयी बोललेच पाहिजे. १२ जून १८९७ रोजी शिलाँगच्या पठारावर प्रचंड भूकंप झाला. भूवैज्ञानिक आर. डी. ओल्डहॅम यांनी त्याचा जो अहवाल लिहिला तो आजही भूकंपशास्त्राच्या पायातला दगड मानला जातो, आणि युरोपातील यंत्रांवर उमटलेल्या त्याच्या रेषांवरून त्यांनी भूकंपलहरींचे वेगवेगळे प्रकार ओळखले. त्या धक्क्यानंतर कलकत्ता, मुंबई आणि कोडाईकनाल येथे मिल्न पद्धतीची भूकंपमापक यंत्रे बसवण्यात आली. कुलाब्याला तेव्हा संचालक होते नानाभाई मूस, त्या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार, हे आधीच ओळखून त्यांनी चुंबकीय वेध १९०४ मध्ये अलिबागला हलवले. नोंदींची साखळी तुटू नये म्हणून इतकी काळजी घेणारा माणूस या शहरात होता, याचा आपल्याला अभिमान असला पाहिजे. मला यातून एवढेच लक्षात आणून द्यायचे आहे की यंत्राच्या नोंदी आपल्याकडे सव्वाशे वर्षांच्याच आहेत, आणि हिमालयाचे एक आवर्तन शेकडो वर्षांचे असू शकते. श्रावणातील एका दुपारवरून मुंबईच्या वर्षभराच्या पावसाचा अंदाज बांधावा, तसे हे होते.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. पंधरा मिनिटे उरली आहेत. तेव्हा जे सांगण्याचे वचन दिले होते, ते आता जरा भराभर सांगतो.

भारताचा भूपट्ट दरवर्षी चार ते पाच सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकतो आहे. त्यांपैकी सुमारे दोन सेंटिमीटर हिमालयात सामावले जातात. हिमालयाखाली एक विस्तीर्ण, उताराने उत्तरेकडे खोल जाणारा प्रस्तरभंग, म्हणजे खडकांतली प्रचंड भेग, आहे. तराईच्या सीमेवर, जिथे मैदान संपून पहिल्या टेकड्या सुरू होतात, तिथे तो जमिनीवर येतो. खोलवर, जिथे खडक तापून मऊ झालेले आहेत, तिथे तो विनाखंड सरकतो. पण वरचा साधारण शंभर किलोमीटर रुंदीचा पट्टा घट्ट अडकलेला आहे. पावसाळ्यात आपल्या जुन्या लाकडी कपाटाचा खण फुगून अडकतो, आपण ओढत राहतो, काही होत नाही, आणि मग तो एकदम हातात येतो, तसे. दोन सेंटिमीटर म्हणजे शंभर वर्षांत दोन मीटर. पाचशे वर्षांत दहा. हा ताण कधीतरी सुटतो. प्रश्न आहे तो कुठे, किती, आणि एकदम की हप्त्याहप्त्याने.

आता कागद काय सांगतात ते पाहा. नेपाळच्या वंशावळींत ७ जून १२५५ चा भूकंप आहे. त्यात काठमांडू खोऱ्यातील एक तृतीयांश माणसे गेली आणि राजा अभय मल्लही दगावला, असे त्या म्हणतात. १३४४ मध्ये पुन्हा एक भूकंप आणि पुन्हा एका राजाचा, अरि मल्लाचा, मृत्यू. ६ जून १५०५ रोजी पश्चिम नेपाळ आणि तिबेटच्या सीमेवर मोठा भूकंप झाला, तो तिबेटी ग्रंथांत नोंदलेला आहे. बरोबर एक महिन्याने, ६ जुलैला, काबूल हादरले. बाबर तिथे होता आणि एका दिवसात तेहेतीस धक्के बसल्याचे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. सिकंदर लोदीने नुकत्याच वसवलेल्या आग्ऱ्याचीही त्याच सुमारास मोठी पडझड झाली, आणि ती कोणत्या भूकंपाच्या खात्यावर मांडायची यावरून अभ्यासकांत दीर्घकाळ गोंधळ राहिला. हा गोंधळ केवळ तारखेचा नाही. आग्ऱ्याची हानी हिमालयातल्या धक्क्याची मानली तर तो भूकंप फार मोठा ठरतो, म्हणजे गढवाल-कुमाऊँचा ताण तेव्हा बराच सुटला असे होते. ती काबूलकडे टाकली तर हिशेब बदलतो. एका फारसी तारखेवर आजच्या उत्तराखंडाच्या धोक्याचा अंदाज पालटतो.

पुढचे आपल्याला अधिक परिचित आहे. १८०३ चे सांगितले. २६ ऑगस्ट १८३३ रोजी नेपाळमध्ये भूकंप झाला, पण त्याआधीच्या दोन धक्क्यांनी माणसे घाबरून घराबाहेर पडली होती, म्हणून प्राणहानी त्या मानाने पुष्कळ कमी झाली. ४ एप्रिल १९०५ ची कांगडा खोऱ्यातील पहाट वीस हजारांच्या आसपास माणसे घेऊन गेली. १५ जानेवारी १९३४ च्या दुपारी बिहार-नेपाळ. मुंगेर आणि मुझफ्फरपूर उद्ध्वस्त झाले, उत्तर बिहारात मैलोगणती जमीन खचली आणि शेतांवर वाळू पसरली. १५ ऑगस्ट १९५०, स्वातंत्र्यदिनाची संध्याकाळ, आसाम-तिबेटची सीमा, ८.६ तीव्रता, हिमालयातील यंत्रांनी नोंदवलेल्या भूकंपांत हा सर्वांत मोठा. दरडींनी सुबनसिरी नदी अडली आणि काही दिवसांनी तो बांध फुटून धक्क्यातून वाचलेली गावे पुराने नेली. आणि २५ एप्रिल २०१५ चा गोरखा भूकंप, तीव्रता ७.८, जवळजवळ नऊ हजार बळी. तो शनिवार होता, नेपाळात शाळांना सुट्टी होती, एवढेच त्यातले सुदैव.

या सगळ्यांत लय आहे का? माझे मत असे आहे की एक लय नाही, दोन प्रकारच्या हालचाली एकमेकींत मिसळलेल्या आहेत. काही भूकंपांत अडकलेल्या पट्ट्याचा खोलातला भागच सुटतो आणि वरचा, तराईकडचा भाग तसाच राहतो. २०१५ मध्ये हेच झाले : काठमांडूचे खोरे सुमारे मीटरभर वर उचलले गेले, परंतु भेग जमिनीवर आली नाही. १८३३ मध्येही बहुधा असेच झाले असावे. दुसऱ्या प्रकारात भेग थेट पायथ्यापर्यंत येऊन जमीन फाडते, आणि शतकानुशतके साठलेला ताण एकदम सुटतो. पहिल्या प्रकारचे भूकंप दुसऱ्याला टाळत नाहीत. ते ताण पुढे, वरच्या भागाकडे ढकलतात. म्हणून '२०१५ ला झाला, आता शंभर वर्षे निश्चिंत' हे जे वाक्य मी काठमांडूत आणि डेहराडूनमध्येही ऐकले आहे, ते चूक आहे आणि धोक्याचे आहे.

दुसऱ्या प्रकारचे भूकंप ओळखण्यासाठी खंदक खणतात. कुमाऊँच्या पायथ्याशी असा एक खंदक मी पाहिला आहे. दोन पुरुष खोल, भिंत करणीने घासून गुळगुळीत केलेली, तिच्यावर खिळे ठोकून दोऱ्यांची चौकट, आणि ठिकठिकाणी रंगीत टाचण्या. नदीच्या गोट्यांचा थर सरळ येत येत एका तिरप्या रेघेपाशी तुटतो आणि पलीकडे माणसाच्या उंचीने वर चढून पुन्हा सुरू होतो. त्या रेघेजवळ मोहरीएवढा कोळशाचा कण होता. त्याचा काळ कार्बनच्या साह्याने काढतात, पण उत्तर येते ते 'या शतकात किंवा त्याच्या मागच्या' असे. खंदकाला जागा अचूक ठाऊक असते आणि काळ पुसट. कागदाला काळ घटकेपर्यंत ठाऊक असतो आणि जागा पुसट. सांख्यांचा अंध-पंगू न्याय इथे तंतोतंत लागू पडतो. नेपाळात सिर खोला येथील खंदकात दोन भेगा मिळाल्या, आणि त्या १२५५ आणि १९३४ च्या आहेत हे ठामपणे म्हणता आले ते वंशावळी होत्या म्हणून. मधले अंतर ६७९ वर्षांचे. एका अंतरावरून वेळापत्रक होत नाही, परंतु पूर्व नेपाळपुरती एक मोजपट्टी तरी हाती आली.

कांगड्याच्या पूर्वेपासून नेपाळच्या मध्यापर्यंतचा जो पट्टा आहे, ज्यात गढवाल आणि कुमाऊँ येतात, त्याला अशी मोजपट्टी अजून नाही. १९९१ चा उत्तरकाशीचा आणि १९९९ चा चमोलीचा भूकंप तिथले, पण साठलेल्या ताणाच्या मानाने ते लहान. तिथल्या शेवटच्या खरोखर मोठ्या भूकंपाचे वर्ष कोणते, १८०३ हा पहिल्या प्रकारचा की दुसऱ्या, या दोन प्रश्नांवर त्या पट्ट्यातील धरणे, बोगदे, चारधामचे रस्ते आणि लाखो माणसांची घरे यांचा हिशेब अवलंबून आहे. आणि १८०३ मध्ये दिल्ली, मथुरा, आग्रा, हरिद्वार येथे आपली माणसे होती, वकील होते, बातमीदार होते, सावकार होते, यात्रेकरू होते, आणि ते सगळे मोडीत लिहीत होते.

वेळ संपली आहे. हात वर केलेल्या पाच जणांना, आणि ज्यांच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या फळीखाली जुने कागद आहेत त्या सर्वांना, माझी विनंती अशी : शके १७२५ चा भाद्रपद आणि त्यापुढचे दोन महिने आधी पाहा. 'धरणीकंप', 'भूमिकंप', 'उत्पात', 'हादरा' यांपैकी शब्द दिसला की पत्राचा मुख्य विषय काहीही असो, तो कागद बाजूला ठेवा. तिथी आणि वार उतरून घ्या, रात्र किती घटका झाली होती ते घ्या, धक्के किती ते घ्या, विहिरीचे पाणी, भिंतीची दिशा, भांडी वाजली की पडली, सगळे घ्या. आणि पत्र कोणत्या गावाहून लिहिले ते सर्वांत आधी. घडी मोडू नका, कोपरा फाटू देऊ नका, तिथी बहुतेक वेळा तिथेच असते.

मी दाराशी वही घेऊन थांबतो आहे.